वन्संचा वरचा जबडा

आमच्या वन्सं दर थंडीत इंग्लंडहून येतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं तोंड येतं. असं म्हटलं की आमचे हे चिडतात, म्हणून घरात म्हणत नाही. पण खरं तेच आहे. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न होऊन तिकडे गेल्या त्याला जमाना झाला. यजमान वारल्यापासून मुलीजवळ राहतात. तिकडे सगळं आहे म्हणतात, फक्त दातांचा डॉक्टर नाही. म्हणजे आहे, पण सरकारी नंबर लागत नाही आणि खाजगीचं नाव काढलं की मुलीचा चेहरा पडतो. त्यामुळे वर्षभर दुखणी साठवायची आणि विमानात बसायचं. एका वर्षी दाढेत सिमेंट भरलं, एका वर्षी रूट कॅनाल केलं, त्याच फेरीत चष्मा, रक्ताच्या तपासण्या, ब्लाउज शिवणं. आणि या सगळ्याला बरोबर जायचं कुणी? मीच.

आमचं घर कोळवणच्या खोऱ्यात. पुढे भाताची खाचरं, मागे तीन खोल्या बांधल्यात, शनिवार-रविवार पुण्याची माणसं येऊन राहतात. खोल्या भाड्याने दिल्या म्हणजे बसून खायचं, असं गावात पुष्कळांना वाटतं. त्यांनी एकदा सोमवारी सकाळी येऊन चादरी बघाव्यात. शुक्रवारी मसाला वाटायचा, शनिवारी चुलीवरचं मटण, रविवारी पोहे आणि ‘मावशी, अजून एक चहा’, सोमवारी धुणं. मंगळवारी कुठे पाठ टेकावी तर वन्संची दातांची तारीख असते. पौडपर्यंत ठीक, पुढे भूगावात गाडी अडकली की चांदणी चौक येईपर्यंत माणसाचं वय वाढतं.

गेल्या थंडीत त्यांनी वरचा अख्खा जबडाच काढला होता, म्हणजे विषय काढला होता. वरचे जे काही पाच-सहा दात उरले होते ते हलत होते. समोरचे दोन तिकडेच काढून टाकलेले. हसताना पदर तोंडावर घ्यायची सवय लागली होती त्यांना, आणि पँट-शर्ट घालतात तेव्हा पदर नसतो म्हणून हात घ्यायच्या. पहिल्या दिवशी चहात बिस्किट बुडवून त्याचा लगदा चमच्याने खात मला म्हणाल्या, “बाय, मला सुकट आन् भाकर खायचीय. चावून. समद्यांच्या संगं बसून. एवढंच हाय बग माझं.” इतकी वर्षं परदेशात राहून वन्संची बोली माझ्यापेक्षा गावठी राहिली आहे. इथून जाताना जशी नेली तशी त्यांनी ती जपून ठेवली, माझी मात्र पुण्याच्या पाहुण्यांत घासून घासून गुळगुळीत झाली.

पुण्यातल्या त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की उरलेले दात काढून हाडात चार स्क्रू बसवता येतील. ते हाडाने धरले, की काही महिन्यांनी त्यावर पक्के दात. खर्च तिकडच्या मानाने काहीच नाही. पण विचार करून या, असं म्हणाल्या होत्या.

मग विचार सुरू झाला. एका रविवारी पाहुणे गेल्यावर पडवीत बसलो आम्ही, आणि भाची फोनवर, व्हिडिओवर. ती हुशार आहे, आणि आईच्या बाबतीत काळजीने कडू झालेली आहे. “मामी, मला सांग,” ती म्हणाली, “मम्मीला बीपी आहे. इन्फेक्शन झालं तर? स्क्रू बसवून ती परत येणार, इथे काही झालं तर मी कुणाकडे नेऊ? इथला डेंटिस्ट म्हणेल, जिथे केलंत तिथे जा. तिथे जायला विमानाचे दहा तास लागतात!”

ह्यांचं म्हणणं एकच. “हितं काय जंगल हाय का? जगातनं लोक येत्यात पुण्याला दात करून घ्यायला. आन् घरची मान्सं हायेत की बगायला.”

घरची माणसं म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मी मटणाचं पातेलं घासत होते.

डॉक्टरीणबाई मात्र सरळ बोलल्या. मला त्या बाई आवडतात, गोड बोलून गळ्यात मारत नाहीत. म्हणाल्या, “स्क्रू बसवले की लगेच विमानात बसायचं नाही. वरचं हाड नाकाशेजारच्या पोकळीला लागून असतं, तिथे दाब येतो. निदान तीन आठवडे इथेच राहायचं. पहिले काही आठवडे चावायचं अजिबात नाही, अगदी मऊ, गिळता येईल असंच. आणि हे करायच्या आधी तुमच्या तिकडच्या डॉक्टरला विचारून घ्या, मध्येच काही झालं तर तो बघेल का. तो नाही म्हणाला तर पुन्हा विचार करा.”

समोरचे दोन दात ज्याने काढले होते, त्याला वन्संनी फोन केला. तो नाही म्हणाला. दुसऱ्याच्या कामाला हात लावणार नाही, असं त्याने गोड इंग्रजीत सांगितलं. ह्यांना राग आला, पण मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या विहिरीवरची मोटर एका मेस्त्रीने उघडली की दुसरा तिच्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणतो, त्यालाच बोलवा.

म्हणजे धोका काय आहे ते आम्हा सगळ्यांना कळलेलं होतं. कुणी फसवलं नाही, कुणी लपवलं नाही. इथून नीट होऊन गेलं तर वन्संना दात मिळणार होते. अर्धवट बिघडून गेलं, तर तिकडे हात लावायला कुणी नव्हतं. भाची म्हणाली नको. हे म्हणाले करून टाक. वन्संनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, “मी साठ पार केलीय. अजून किती वरसं तोंड झाकू?” आणि त्यांनीच डॉक्टरीणबाईंना फोन करून तारीख घेतली.

उरलेले दात निघाले, स्क्रू बसले. वन्सं शूर आहेत, हू की चू केलं नाही. गाडीत येताना मात्र माझा हात धरून बसल्या होत्या, आणि गाल असे सुजले होते की ह्यांनी आरशात बघून लगेच नजर रस्त्यावर आणली. डॉक्टरीणबाईंनी काय खायचं नाही ते मला बसवून सांगितलं होतं: शेंगदाणे, चिवडा, सुपारी, भाकरी, चपाती, बोरं. हुरडासुद्धा नाही. मी विचारलं, “मग खायचं काय?” त्या म्हणाल्या, “तुम्ही सुगरण आहात, मला काय विचारता?”

असं कुणी म्हणालं की समजावं, आपलं काम वाढलं. तांदळाची पेज, नाचणीचं आंबील, मुगाचं वरण गाळून, दुधीचं सूप, ताकातला भात कुस्करून. गरमही नको, गारही नको. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. मधे खोल्यांतले पाहुणे, त्यांना झणझणीत हवं. एका शेगडीवर तांबडा रस्सा आणि दुसरीवर बाळाचं जेवण, असं चाललं होतं. शिवाय वन्संना बघायला गाव येत होतं. आमच्याकडे कुणी दवाखान्यातून आलं की भेटायला जावंच लागतं, आणि येणारा रिकाम्या हाताने येत नाही. घरात नारळपाण्याची शहाळी आणि बिस्किटांचे पुडे यांचा ढीग झाला. येणाऱ्या प्रत्येकीला चहा. प्रत्येकीला वन्सं ‘आ’ करून तोंड दाखवायच्या. मला हसू यायचं आणि त्याच वेळी वाटायचं, आता एक जरी बाई उंबऱ्यात आली तर मी चहाचं आधण घेऊन तिच्या डोक्यावर ओतीन.

पाच-सहा दिवस झाले असतील. सूज उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि छान आहे म्हणाल्या. त्याच दुपारी वरच्या आळीतले चुलते गेले.

चुलते म्हणजे ह्यांच्या वडिलांचे धाकटे भाऊ. पिकलं पान होतं, पण आदल्या दिवशी बांधावर उभे होते, त्यामुळे चुलतीला ते पटेचना. वन्सं लहानपणी चुलतीच्याच अंगाखांद्यावर वाढलेल्या, त्यांची आई सदा आजारी असायची. आम्ही सगळे वर गेलो. खोल्यांचं बुकिंग रद्द करावं लागलं, भावकीचं सुतक म्हणजे आम्हालाही होतं. ह्यांचा जीव त्यात थोडा अडकला, माझा नाही. मला खरं सांगायचं तर त्या शनिवारी मसाला वाटायचा नाही याचंच बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याबद्दल वाईटही वाटलं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे पिठलं-भाकरी करून आणतात, आणि अग्नी देऊन माणसं परत आली की घरच्यांनी आणि भावकीने एकत्र बसून तीच खायची. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. एक घास तरी घ्यायचाच. त्यात चवीचा प्रश्न नसतो. गेलेलं माणूस गेलं, उरलेल्यांनी जगायचं आहे, एवढं त्या घासाने कबूल करायचं असतं. न घेणारा माणूस दुःखात तुमच्याबरोबर नाही, असं होतं.

बायका माजघरात बसल्या होत्या. चुलतीने दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सुना सांगून दमल्या, शेजारणी सांगून दमल्या. ताट पुढे होतं, तांदळाची भाकरी गार होऊन कडेने कडक झालेली. चुलतीने ते ताट दोनदा ढकललं. मग तिने मान वर केली, समोर वन्सं दिसल्या, आणि म्हणाली, “पोरी, तू आलीस व्हय. तू खा. तू खाल्लंस तर मी खाते.”

मी वन्संच्या शेजारी होते. चुलतीला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, ती स्वतः शहाळं घेऊन बघून गेली होती. पण त्या वेळी तिला काही आठवत नव्हतं. आणि त्या खोलीत तोंड उघडून ‘त्यांचे दात’ असं म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. नवरा गेलेल्या बाईपुढे दातांचं काय सांगायचं? भाकरी कुस्करून पिठल्यात कालवून देता आली असती, असं नंतर भाची म्हणाली. तिकडे बसून सगळं सुचतं. इथे चुलतीने आपल्या हाताने तुकडा मोडला आणि वन्संच्या तोंडाजवळ नेला.

वन्संनी खाल्ला. खालच्या दातांनी वरच्या हिरडीवर चावला. डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं होतं मला कळलं नाही. मग चुलतीने एक घास घेतला. वन्संनी दुसरा. असं करत दोघींनी मिळून अर्धी भाकरी संपवली, आणि सुना रडायला लागल्या, म्हातारी जेवली म्हणून.

घरी येताना मी वन्संना विचारलं, दुखतंय का, तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तीन-चार दिवस गेले आणि त्यांनीच मला हाक मारली. “बाय, हितं काय तरी हालतंय. आन् तोंडाला वास येतोय.”

पुन्हा भूगाव, पुन्हा तीच रांग. डॉक्टरीणबाईंनी तोंडात बघितलं आणि त्यांचा चेहराच सांगून गेला. उजवीकडचा एक स्क्रू सैल झाला होता, त्याच्या आजूबाजूला पू. तो काढावा लागला. बाकीचे तीन धरून आहेत, म्हणाल्या, पण या जागेचं हाड भरून यायला चार महिने तरी लागतील, मग नवा बसवायचा.

“काय खाल्लं होतं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कडू घास म्हणजे काय तेही सांगितलं. त्या पुण्यातल्याच, त्यांना हे नवीन होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वन्संना विचारलं, “नाही म्हणता आलं नसतं का हो?”

“न्हाई,” वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. “मी तुम्हाला बोरं सांगितली, सुपारी सांगितली. हे सांगायचं मला माहीतच नव्हतं,” म्हणाल्या. रागावल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, कुणावर तरी ढकलता आलं असतं.

आता प्रश्न उरला तो आधीच्यापेक्षा वाईट होता. वन्संचं परतीचं तिकीट दोन आठवड्यांवर आलेलं. जखम उघडी, पू अजून पूर्ण थांबलेला नाही. गेल्या, तर तिकडे काही चिघळलं की हात लावणारा कुणी नाही, हे आम्हाला आधीच माहीत होतं. राहिल्या, तर चार महिने, आणि पुढचे दात होईपर्यंत आणखी. भाची फोनवर रडली. आधी रागाने, मग भीतीने. “मी म्हणत होते ना,” असं ती एकदाच म्हणाली, आणि मला तिचं कौतुक वाटलं, कारण मी तिच्या जागी असते तर दहादा म्हणाले असते. मग म्हणाली, “मम्मी, तू ये. काय व्हायचं ते इथे होऊ दे. मी कर्ज काढते, इथेच करू सगळं.” तिला घरातून काम, दोन मुलं, नवरा दुसऱ्या गावी. तीही दमलेली होती, ते तिच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

आणि हे? हे म्हणाले, “आक्का, राहा की. तुझंच घर हाय. चार म्हयने काय नि सा म्हयने काय.” आणि उठून खाचराकडे गेले. राहा म्हणायला काय लागतं? तोंड लागतं, तेवढंच.

मी ओट्याशी उभी होते. पेज ढवळत होते, तळाला लागू नये म्हणून. खिडकीतून ह्यांची पाठ दिसत होती, बांधावरून जाणारी. मला कुणावर राग नव्हता, एवढी ताकदच नव्हती. फक्त असं वाटत होतं, की हे भांडं कधी गॅसवरून उतरणारच नाही.

वन्सं आत आल्या आणि पाट ओढून बसल्या. गाल पुन्हा सुजलेला. म्हणाल्या, “बाय, समदे बोलले. डाक्टरीन बोलली, पोरगी बोलली, तुजा नवरा बोलला. हाडाचं बोलले, पुवाचं बोलले, इमानाचं बोलले. चार म्हयने पेज कोन करनार, त्ये कुनी इचारलंच न्हाई.”

मी ढवळत राहिले.

“तूच करनार न्हवं? मंग तूच सांग. राहू का जाऊ?”

या घरात येऊन माझे केस पांढरे झाले, पण असा प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी ठरवलेलं नव्हतं. “वन्सं,” मी म्हणाले, “मी लई दमलेय.”

वाटलं, आता यांना लागेल. आता उठतील, बॅग भरतील, आणि मी आयुष्यभर ऐकत राहीन, की भावजयीने सुजल्या तोंडाने बाहेर काढलं. वन्सं उठल्या नाहीत.

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. “पेज ढवळता ढवळता तुजं डोळं मिटत्यात, रोज बगते मी. मंग जाते मी. पोरीला कळवते.”

त्या रुसून बोलत नव्हत्या. खरंच जाणार होत्या. तीन स्क्रू आणि एक उघडी जखम घेऊन विमानात बसणार होत्या, आणि तिकडे उतरून वाजवायला त्यांना डॉक्टरचं दार नव्हतं. मला त्यांची दया आली, माझीही आली. त्या जाव्यात असं वाटत होतं आणि त्या अशा जाऊ नयेत असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

मी गॅस बंद केला. “जाऊ नका,” म्हणाले. “बरं होईस्तोवर राहा. पन उद्यापासनं तुमची पेज तुमी करा. चाय मागायला बायका आल्या तर त्योबी तुमीच करा. पाव्हण्यांच्या खोल्यास्नी कुलूप लावा. आन् सुतक फिटलं की मला आठ दिवस ताम्हिणीला माझ्या भावाकडं जाऊ द्या.”

वन्संनी लगेच हो म्हटलं. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला, काळजीने. आमच्यात बाई अशी मधेच माहेरी जात नाही, काही कारण असल्याशिवाय. आई गेल्यापासून तर मी तिथे रात्रीची राहिलेही नव्हते.

“का गं?” त्यांनी विचारलं. “तितं कुनी आजारी हाय का?”

“न्हाई,” मी म्हणाले. “निजायला.”